कटकटींची वही

पावसाळा सुरू झाला की शाळेत एक परिपत्रक येतं आणि फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन पडतं. 'इन्स्पायर अवॉर्ड मानक' योजनेसाठी शाळेतर्फे मुलांच्या ५ कल्पना पाठवायच्या. केंद्र सरकारचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग ही योजना अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या मदतीनं चालवतो. सहावी ते दहावीच्या मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या डोक्यातल्या कल्पना मागवायच्या, म्हणून ती सुरू झाली. निवड झालेल्या मुलाच्या खात्यात मॉडेल बनवायला १०,००० रुपये जमा होतात, मग जिल्हा, राज्य, देश अशी प्रदर्शनं. मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे हे काम कोणाच्या गळ्यात पडणार, ते स्टाफरूममध्ये विचारावंही लागत नाही.

वर्गात जाऊन "चला, एखादी नवी कल्पना सांगा बरं" म्हटलं की काय होतं, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. सगळे एकमेकांची तोंडं बघतात. मग पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा हात वर करतो. "मॅडम, सेन्सर बसवायचा." कशाला बसवायचा? "पाण्याच्या टाकीला." त्याच्या मागोमाग पवनचक्की येते, ज्वालामुखी येतो, अंध व्यक्तींसाठी वाजणारी काठी येते. ही काठी प्रत्येकानं मोबाइलवर पाहिलेली असते आणि प्रत्येकाला ती आपलीच वाटते. तेवढ्यात घंटा होते.

यात मुलांचा काही दोष नाही. गणेश मंडळाच्या बैठकीत "यंदा देखावा काय करायचा?" किंवा बचत गटात "नवीन काय विकायचं?" असं विचारून बघा, मोठी माणसंही अशीच छताकडे बघायला लागतात आणि शेवटी गेल्या वर्षीचंच थोडं रंगवून करायचं ठरतं. कल्पना थेट मागितली की ती येत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी ती मागतच नाही. मी कटकटी मागते.

जून संपता संपता प्रत्येक मुलानं एक छोटी वही करायची. तिला आमच्याकडे नावच पडलंय, कटकटींची वही. घरात, रानात, वाटेवर कोणाला कशाचा वैताग येतो ते रोज एक ओळ लिहायचं. उपाय लिहायचा नाही, तो लिहिलेला दिसला तर मी खोडते. 'समाजाची समस्या' लिहायची नाही. माणूस कोण, कुठं, कधी आणि काय होतं, एवढंच. पहिले दोन दिवस 'प्रदूषण' आणि 'वृक्षतोड' असलं पुस्तकी येतं. मग खरं यायला लागतं. 'आण्णा गाडीवरनं डेअरीत जाताना किटलीचं झाकण उघडतं, दूध सांडतं, बोलणी मला बसतात.' 'मिरच्या तोडून आल्यावर आईच्या हाताची रात्रभर आग होते.' 'लाईट रात्रीची येते, दादा मोटर चालू करायला रानात जातो, तो येईस्तोवर घरातलं कोणी झोपत नाही.' 'शेरडं निम्मा पाला पायाखाली घालत्यात.' हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

वहीचा फायदा असा की मूल बघायला शिकतं, आणि बहुतेक कल्पनांचं मूळ बघण्यात असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट मी दरवर्षी सांगते. १९८३ साली पटेल-३ जातीच्या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या हंगामात पुन्हा निवडल्या. असं करत त्यांच्या हातून जो वाण तयार झाला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं 'एचएमटी' हे नाव मिळालं आणि तो तांदूळ कितीतरी लांबवर पेरला गेला. 'नवीन वाण शोधून काढा' असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेजारपाजारच्या शेतांतही तशा लोंब्या कधी उगवल्या असतील आणि इतर भाताबरोबर कापल्याही गेल्या असतील.

वह्या जमल्या की त्यातल्या कटकटीचा प्रश्न करायचा. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण प्रश्न ढगळ असेल तर उत्तरंही ढगळ येतात. 'पाणीटंचाई कशी दूर करता येईल?' असं विचारलं की मुलं भाषण करायला लागतात, वक्तृत्व स्पर्धेची सवय असतेच. उलट 'घागरीला झाकण कसं लावायचं?' असं विचारलं तर उत्तर प्रश्नातच बसलेलं असतं, मुलांना शोधायला काही उरत नाही. मधलं काहीतरी हवं. 'सहावीतल्या मुलीनं सार्वजनिक नळावरून घरापर्यंत पाणी न सांडता कसं न्यावं?' यात एक माणूस आहे, एक जागा आहे, एक काम आहे, आणि घागरच वापरली पाहिजे अशी सक्ती नाही. प्रश्न असा बसला की वर्गात चुळबुळ सुरू होते. ती ऐकू आली की मी कागद वाटते.

इथं थोडं थांबून एका अमेरिकन माणसाबद्दल सांगते. 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द आता आमच्या केंद्रस्तरीय प्रशिक्षणातसुद्धा ऐकू येतो. त्यामागचा माणूस म्हणजे ॲलेक्स ऑसबॉर्न. तो 'बीबीडीओ' या जाहिरात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९५३ साली त्याचं 'अप्लाइड इमॅजिनेशन' हे पुस्तक आलं आणि त्याची पद्धत जगभर पसरली. त्याचे नियम चार. कोणाच्या कल्पनेवर टीका करायची नाही. भन्नाट कल्पनांचं स्वागत करायचं. जितक्या जास्त तितक्या बऱ्या. दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची. त्याचा दावा असा होता की एकटा माणूस जेवढ्या कल्पना काढतो, त्याच्या दुप्पट तो गटात बसला की काढतो.

नियम आजही कामाचे आहेत. दावा मात्र पाचच वर्षांत उताणा पडला. १९५८ साली येल विद्यापीठात डोनाल्ड टेलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना चार-चारच्या गटात बसवलं आणि तेवढ्याच विद्यार्थ्यांना एकेकटं. प्रश्न मजेदार होते. एक होता, पुढच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या हाताला एक जादा अंगठा असेल तर काय फायदे-तोटे होतील? मग एकेकट्या बसलेल्यांपैकी चार-चार जणांच्या याद्या एकत्र केल्या, सारख्या कल्पना एकदाच मोजल्या आणि गटांशी ताडून बघितल्या. एकेकट्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. ऑसबॉर्नचा आकडा बरोबर निघाला, फक्त उलट बाजूनं.

असं का होतं, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर जर्मनीत सापडलं. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली दाखवलं की यातला मोठा वाटा वाट बघण्याचा आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत स्वतःचं वाक्य विसरू नये म्हणून तेच घोकत बसतात, नाहीतर समोरच्याचं ऐकता ऐकता विसरून जातात. नवीन काही सुचायला डोकं मोकळंच राहत नाही. आमच्या वर्गात याला आणखी एक कारण जोडावं लागेल. आमच्याकडे नववीतल्या मुली सगळ्यांसमोर तोंड उघडत नाहीत. जो मोठ्यानं बोलतो त्याचीच कल्पना 'वर्गाची कल्पना' होते, आणि तो बहुधा तोच पुढच्या बाकावरचा सेन्सरवाला असतो.

म्हणून कागद. बर्न्ड रोरबाख नावाच्या जर्मन माणसानं १९६८ साली एक पद्धत मांडली, तिला ६-३-५ म्हणतात. सहा जण, प्रत्येकानं तीन कल्पना, पाच मिनिटांत. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना कागदावर. माझ्या वर्गात त्यातल्या पुष्कळ एकसारख्या असतात, पण उरतात त्या बैठकीत जन्मात आल्या नसत्या. मी जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद वापरते. नाव लिहायचं नाही, सगळ्यांनी निळ्याच पेननं लिहायचं, आणि लिहिण्याआधी वरच्या ओळी वाचायच्याच. पाच मिनिटांचं बंधन मी पाळत नाही. पहिल्या फेरीला तीन मिनिटं पुरतात, पुढं पुढं वेळ वाढवत न्यावा लागतो. आणि पहिल्या तीन फेऱ्यांत तीन शब्दांना बंदी: सेन्सर, ॲप, सोलर. मुलं कुरकुरतात. पण ही तीन दारं बंद झाली की ती घराकडे, रानाकडे, भंगाराच्या दुकानाकडे बघायला लागतात.

आता शेरडांचा कागद. शेरडं म्हणजे शेळ्या. शेळीला खाण्यापिण्यात भारी सोवळं, जमिनीवर पडून तुडवलेल्या पाल्याला ती तोंड लावत नाही. त्यामुळे सुबाभळीचा, शेवरीचा पाला लांबून डोक्यावर वाहून आणायचा आणि त्यातला बराच उकिरड्यावर टाकायचा, ही घराघरातली कटकट. कागदाच्या वर प्रश्न होता, 'शेरडांना पाला कसा द्यावा म्हणजे तो पायाखाली जाणार नाही?' पहिल्या ओळीत अपेक्षित तेच होतं: फळीवर ठेवावा, खुंटीला टांगावा, थोडा थोडा द्यावा. हे सगळं लोक आधीपासून करतातच. दुसऱ्या ओळीत कोणीतरी तक्रार लिहिली की टांगलेल्या पेंढीपुढं बोकड एकटाच उभा राहतो आणि बाकीच्यांना हुसकतो. त्याच्याखालीच 'जुन्या टायरात ठेवावा'. तिसऱ्या ओळीत 'टायरच टांगावा'. चौथीत एका महाभागानं 'शेरडांना शाळेत घालावं, शिस्त लागेल' असं लिहिलं होतं, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या अक्षरात 'टायर गोल आहे, चारी बाजूंनी शेरडं उभी राहतील'. पाचवीत 'टायर जड होईल, सायकलची रिंग घ्यावी'. सहावीत जे आलं ते असं: 'रिंग मधोमध एका दोरीला टांगली तर ती फिरेल. दांडगं शेरडू पाला ओढेल, रिंग फिरेल आणि पाला दुसऱ्याच्या तोंडापुढं जाईल.'

सहावी ओळ कोणाची, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ती कोणा एकाची नाहीच. बोकडाची तक्रार आली नसती तर फिरण्याची गरज कोणाला वाटली असती? टायर आला नसता तर रिंग आली नसती. तोंडी चर्चेत 'टायरच टांगावा' म्हणणाऱ्याला हसून खाली बसवलं गेलं असतं. (अर्ज भरताना मात्र एका मुलाचं नाव लिहावं लागतं. आम्ही ज्या मुलीच्या वहीतून कटकट आली तिचं लिहिलं. वर्गाला ते रास्त वाटलं.)

दरवर्षी चौथ्या फेरीच्या आसपास पेनं थांबतात. "मॅडम, संपलं." ही घटका फार महत्त्वाची आहे आणि बहुतेक बैठका नेमक्या इथंच उठतात. ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन या दोघांनी २०२० साली यावर काम प्रसिद्ध केलं. लोकांना वाटतं, जसजसं पुढं जावं तसतशा आपल्या कल्पना फिक्या पडत जातात. प्रत्यक्षात त्यांचा कस टिकून राहतो, कधी कधी वाढतोही. म्हणजे आटल्यासारखं वाटतं, आटलेलं नसतं. सुरुवातीला येतं ते सगळ्यांना माहीत असलेलं, आणि तेच पटापट येतं म्हणून आपण त्या वेगावर भाळतो.

पेनं थांबली की मी फळ्यावर एकेक प्रश्न लिहिते. ऑसबॉर्ननं असे पुष्कळ प्रश्न जमवले होते. बॉब एबर्ली या अमेरिकन शिक्षकानं १९७१ साली त्यांतले निवडक घेऊन मुलांसाठी 'स्कॅम्पर' नावाचा खेळ केला. मी त्यातलं माझ्या वर्गाला झेपेल तेवढंच उचललंय. यातलं काय काढून टाकता येईल? उलटं केलं तर? दोन कामं एकात बसतील का? आणि माझा सर्वांत लाडका प्रश्न: हीच अडचण आणखी कोणाची आहे आणि त्यानं काय केलंय? दुधाच्या किटलीचं झाकण हादऱ्यानं उघडतं. मग त्याच गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण का उघडत नाही? हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि दोन मुलं तास चालू असताना परवानगी न घेता बाहेर पळाली, माझ्या स्कूटीचं झाकण बघायला.

टीका करावी की नाही, यावर माझं मत ऑसबॉर्नपेक्षा थोडं वेगळं आहे. शार्लन नेमेथ आणि तिच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा एक प्रयोग आहे, अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये केलेला. वाहतूक कोंडीवर उपाय सुचवायचे होते. काही गटांना टीका करू नका असं सांगितलं, काहींना खुशाल वाद घाला म्हणून सांगितलं. वाद घालणाऱ्यांच्या कल्पना कमी पडल्या नाहीत, उलट जास्तच भरल्या. तेव्हा टीकेला इतकं घाबरायचं कारण नाही. मात्र तेराचौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गात टीका होत नाही, हसं होतं, आणि हसं झालेली मुलगी वर्षभर पुन्हा हात वर करत नाही. म्हणून कागदाच्या दिवशी वाद बंद. दुसऱ्या दिवशी 'खोड काढायचा तास'. त्या तासाला 'हे काय चालणार नाही' असं म्हणणाऱ्याला मी खाली बसवते. खोड वस्तूची काढायची आणि तपासता येईल अशी काढायची. रिंगेच्या कागदावर दोन खोडी निघाल्या. करडांचं तोंड तिथवर पोचणार नाही. आणि शिंगं स्पोकमध्ये अडकतील. स्पोक काढून टाकायचे आणि तीन दोऱ्यांवर रिंग तोलायची, असं तिथल्या तिथं ठरलं. उंचीसाठी विहिरीवरची कप्पी आली, म्हणजे करडांच्या वेळी रिंग खाली घेता येईल. चांगली खोड निघाली की अर्धी दुरुस्ती तिच्यातच असते.

कागद आणि खोड यांच्यामध्ये एक रात्र जाऊ देते, ते मुद्दाम. आमची बरीच मुलं वाड्यावस्त्यांवरून चालत येतात, आणि सकाळी दारातच "मॅडम, रात्री आणखी एक सुचलं" म्हणून अडवणारी तीच असतात. चालण्यानं डोकं चालतं, हे स्टॅनफर्डच्या मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रयोगानं दाखवलं. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा जास्त सुचलं, म्हणजे ही किमया निव्वळ निसर्गाची नाही. पण जिथं एकच बरोबर उत्तर शोधायचं होतं तिथं चालण्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा बीजगणित बसूनच सोडवावं.

शेवटी निवड. चिंचोके वाटायचे, कागदांपुढं वाट्या ठेवायच्या, एकेकानं येऊन टाकायचे. हात वर करून मत घेतलं की पहिला हात कोणाचा वर जातो ते बघून बाकीचे जातात. चिंचोक्यांचाही एक दोष आहेच, त्यात सभ्य आणि सुरक्षित कल्पना जिंकतात. म्हणून चार कल्पना वर्गाच्या आणि पाचवी जागा राखीव, सर्वांत विचित्र पण खोडीच्या तासातून जिवंत बाहेर आलेल्या कल्पनेसाठी.

हीच रीत आता आम्ही स्नेहसंमेलनाच्या बैठकीलाही लावलीय. पूर्वी मुख्याध्यापक सुरुवातीलाच "माझ्या मनात असं आहे..." म्हणायचे आणि मग सगळे "बरोबर आहे सर" म्हणून चहाची वाट बघायचे. आता आधी चिठ्ठ्या, सर सर्वांत शेवटी बोलतात. त्यांनाही ते आवडतं, निदान तसं ते म्हणतात. एकट्यानं विचार करायचा असेल तरी कागद फिरवता येतो. रात्री दहा-बारा ओळी लिहून घडी घालून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा कागद आलाय असं समजून खाली भर घालायची. आपलंच अक्षर एका रात्रीत पुरेसं परकं होतं.

पाच कल्पना जातात, बाकीचे पाठकोरे मी कपाटात गठ्ठा बांधून ठेवते. पुढच्या वर्षी नव्या मुलांना त्यांच्या पहिल्या ओळी वाचून दाखवते. एवढं आधीच सुचून झालंय, आता तुम्ही दुसऱ्या ओळीपासून सुरू करा.